लाभांश काढताना दर्शनी किंमत कुठे धरायची आणि बाजारभाव कुठे?

कोरी_पाटी

दहावीच्या बीजगणितातल्या ‘अर्थनियोजन’ प्रकरणाच्या धर्तीवरची उदाहरणं आणि प्रत्यक्षातला लाभांश, दोन्हीकडे एकाच ठिकाणी गाडी अडते आहे. चार प्रश्न आहेत.

१. एका व्यक्तीने ५०,४०० रुपये गुंतवून १०० रु. दर्शनी किमतीचे शेअर २० रु. अधिमूल्याने घेतले. कंपनीने ८ टक्के लाभांश दिला. ५०,४०० चे ८ टक्के म्हणजे ४,०३२ रु. असं उत्तर यायला हवं असं वाटतं, पण दिलेलं उत्तर ३,३६० रु. आहे. फरक कुठून आला?

२. १० रु. दर्शनी किमतीचा, २५ टक्के लाभांश देणारा शेअर १२५ रुपयांना मिळतो. १०० रु. दर्शनी किमतीचा, ९ टक्के लाभांश देणारा शेअर १२० ला मिळतो. उत्पन्नाच्या दृष्टीने चांगला कोणता? वरवर पाहता २५ टक्के जास्त दिसतात.

३. लाभांशाच्या सूचनेत ‘२ रु. दर्शनी किमतीच्या शेअरवर ७ रु. (३५० टक्के)’ असं छापलेलं असतं. ३५० टक्के नफा वाटणं शक्य तरी आहे का?

४. असे २,००० शेअर असतील तर १४,००० रुपये यायला हवेत. खात्यात १२,६०० जमा दिसतात. दर्शनी किंमत चुकीची धरली जाते आहे की आणखी काही?

सूत्र पाठ करून चालत नाही, कारण उदाहरण उलटं विचारलं की गोंधळ होतो. मागचं कारण कळायला हवं.

आकडेमोड

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देतो, पुढचे दोन इतरांवर सोपवतो.

लाभांशाच्या प्रत्येक गणितात दोनच पायऱ्या असतात. पैशात किती शेअर आले? आणि एका शेअरवर किती रुपये मिळाले? पहिल्या पायरीत फक्त बाजारभाव लागतो, दुसरीत फक्त दर्शनी किंमत, म्हणजे कंपनीने शेअरची मुळात ठरवलेली किंमत. तुम्ही ५०,४०० वर ८ टक्के लावलेत तेव्हा दोन्ही पायऱ्या एकत्र झाल्या आणि टक्केवारी बाजारभावावर जाऊन बसली.

तुमचंच उदाहरण घ्या. अधिमूल्य २०, म्हणून बाजारभाव १२०. शेअर ५०,४०० ÷ १२० = ४२०. एका शेअरवर लाभांश १०० चे ८ टक्के, म्हणजे ८ रु. उत्पन्न ४२० × ८ = ३,३६० रु.

आता कारण. कंपनीच्या वहीत भांडवल दर्शनी किमतीने लिहिलेलं असतं. समजा १० रुपयांचे एक कोटी शेअर आहेत, तर भरणा झालेलं भांडवल १० कोटी. कंपनी २० टक्के लाभांश जाहीर करते तेव्हा ती या १० कोटींचे २० टक्के, म्हणजे २ कोटी वाटते आणि प्रत्येक शेअरला २ रु. येतात. तो शेअर बाजारात तुम्ही ३५ ला घेतला की ३५० ला, याच्याशी कंपनीचा संबंध नाही. बाजारात मोजलेले पैसे कंपनीकडे जातच नाहीत, ज्याने शेअर विकला त्याला मिळतात. कंपनीला पैसे मिळतात ते शेअर पहिल्यांदा वाटताना, आणि तेव्हाही दर्शनी किमतीपेक्षा जास्त घेतलेली रक्कम अधिमूल्य म्हणून वेगळ्या खात्यात जाते, भांडवलात धरली जात नाही. लाभांशाच्या टक्केवारीला बाजारभाव माहीतच नसतो. एवढं डोक्यात बसलं की निम्मी उदाहरणं सुटतात.

मग तुमच्या पैशावर खरा परतावा किती? ३,३६० ला ५०,४०० ने भागा, ६.६७ टक्के. एकाच शेअरवरूनही तेच येतं: ८ ÷ १२०. कंपनीने ८ टक्के म्हटलं तरी तुम्हाला ६.६७ पडले, कारण १०० च्या जागी तुम्ही १२० मोजलेत. शेअर ८० ला, म्हणजे अवमूल्याने मिळाला असता तर तेच ८ रुपये १० टक्के ठरले असते. सममूल्याला, म्हणजे बरोबर १०० ला घेतला तरच दोन्ही टक्के जुळतात.

यातून एक समीकरण मिळतं, आणि उलटी उदाहरणं त्याच्यावरच सुटतात:

दर्शनी किंमत × लाभांशाचा दर = बाजारभाव × परताव्याचा दर

दोन्ही बाजू म्हणजे एका शेअरमागे हातात येणारे रुपये. त्यामुळे चारपैकी तीन गोष्टी दिल्या की चौथी निघते. ‘१०० रुपयांच्या, १२ टक्के लाभांशाच्या शेअरवर १० टक्के परतावा हवा, किती भावाला घ्यावा?’ डावी बाजू १२ रु. बाजारभावाचे १० टक्के १२ असायला हवेत, म्हणून भाव १२०. त्याहून महाग घेतला की परतावा १० च्या खाली गेलाच.

गुंतवणूक विचारली असेल तर शेवटाकडून सुरुवात करा. वर्षाला १८,००० रु. उत्पन्न हवं, शेअर १० रुपयांचा, लाभांश १५ टक्के, भाव २८. एका शेअरमागे दीड रुपया, म्हणून १२,००० शेअर लागतील आणि त्यांना २८ च्या भावाने ३,३६,००० रु. इथे बरेच जण १८,००० ला १५ टक्क्यांनी भागून १,२०,००० लिहितात. ती रक्कम चुकीची नाही, पण ती त्या शेअरांची एकूण दर्शनी किंमत आहे. खिशातून जाणारे पैसे नाहीत.

दुसरा प्रश्न. पहिला शेअर १२५ मोजून २.५० रु. देतो, २ टक्के. दुसरा १२० मोजून ९ रु. देतो, साडेसात टक्के. पंचवीस आणि नऊ यांची तुलनाच होऊ शकत नाही, कारण ते वेगवेगळ्या पायांवरचे टक्के आहेत. कोणत्याही दोन शेअरांची तुलना करताना आधी दोन्ही रुपयांत आणा, मग आपापल्या बाजारभावाने भागा.

चुका नेहमी जिथे होतात ती ठिकाणंही सांगून ठेवतो. ‘२० रु. अधिमूल्य’ आणि ‘२० टक्के अधिमूल्य’ यांतला फरक १०० रुपयांच्या शेअरवर दिसत नाही, दोन्हीकडे १२० च येतात. म्हणून सवय चुकीची लागते. १० रुपयांच्या शेअरवर मात्र पहिल्यात भाव ३० आणि दुसऱ्यात १२ होतो. अधिमूल्य किंवा अवमूल्य टक्क्यांत दिलं असेल तर ते दर्शनी किमतीचे टक्के असतात. दुसरी गोष्ट अपूर्णांकाची. ५०,००० रुपयांत १२० च्या भावाने ४१६ शेअर येतात आणि ८० रु. उरतात. उत्पन्न ४१६ × ८ = ३,३२८. सरळ टक्केवारीने काढलं तर ३,३३३.३३ येतं, आणि त्या पाच रुपयांमागे अर्धा-पाऊण शेअर लपलेला असतो जो घेताच येत नाही.

सोपी_रीत

वरचं ठीक आहे, पण प्रत्यक्षात याहून सोपा मार्ग आहे. दर्शनी किंमत जितकी कमी तितके टक्के जास्त मिळतात. १ रुपया दर्शनी किंमत असलेल्या कंपन्या पाचशे टक्के लाभांश देतात, १० वाल्या पन्नास. लाभांशासाठी घ्यायचे तर कमी दर्शनी किमतीचे शेअर घ्यावेत.

बाजारनोंद

सोपी_रीत, हा निष्कर्ष बरोबर नाही आणि तो वाचून कुणी शेअर घेऊ नयेत म्हणून आधी त्याचंच बघू. १ रुपयाचे ५०० टक्के म्हणजे ५ रु. १० रुपयांचे ५० टक्के म्हणजेही ५ रु. दोन्ही शेअर २५० ला मिळत असतील तर परतावा दोन्हीकडे २ टक्केच. दर्शनी किंमत लहान झाली की टक्क्यांचा आकडा फुगतो, हातात येणारे रुपये वाढत नाहीत. आणि कमी दर्शनी किंमत म्हणजे शेअर स्वस्त, असंही नाही.

कोरी_पाटी यांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. २ रुपयांचे ३५० टक्के ७ रु. होतात. कंपनीने नफ्याच्या साडेतीन पट वाटलेले नाहीत, दर्शनी किमतीच्या साडेतीन पट वाटलेत. त्या वर्षी शेअरमागे नफा २८ रु. असेल तर तिने नफ्याचा फक्त चौथा हिस्सा दिला. लाभांश टिकाऊ आहे का हे बघायचं तर हे नफ्याशी असलेलं प्रमाण बघावं, ३५० या आकड्यातून काहीच कळत नाही.

पूर्वी शेअर १० किंवा १०० रुपयांचेच असायचे, त्यामुळे टक्क्यांतून बोलणं सोयीचं होतं. १९९९ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, ही सक्ती काढली आणि १ रुपयापेक्षा कमी नाही, अपूर्णांकात नाही, एवढं पाळून कंपनीने हवी ती दर्शनी किंमत ठरवावी अशी मुभा दिली. तेव्हापासून १, २, ५, १० अशा सगळ्या किमती बाजारात आहेत आणि टक्क्यांची परस्पर तुलना निरर्थक झाली. म्हणूनच सेबीच्या २०१५ च्या नियमावलीत नोंदणीकृत कंपनीने लाभांश प्रति शेअर रुपयांतच जाहीर करावा असं आहे. बातम्यांमध्ये टक्के अजून दिसतात. तुम्ही सूचनेतला रुपयांचा आकडा उचला आणि कंसातले टक्के सोडून द्या.

टोकाचं खरं उदाहरण हवं असेल तर एमआरएफ बघा. दर्शनी किंमत १० रु. २०२२-२३ साठी ३ आणि ३ रुपयांचे दोन अंतरिम (वर्ष चालू असतानाच दिलेले) लाभांश आणि १६९ रुपयांचा अंतिम, मिळून १७५ रु., म्हणजे १,७५० टक्के. त्याच शेअरने जून २०२३ मध्ये एक लाखाचा टप्पा ओलांडला. एक लाखाला घेणाऱ्याचा लाभांशावरचा परतावा ०.१७५ टक्के. सतराशे पन्नास आणि पावपेक्षाही कमी, एकाच शेअरचे दोन आकडे! कंपनी चांगली की वाईट हा प्रश्नच इथे नाही. आकडा कोणत्या पायावर मोजलाय एवढाच फरक आहे.

आता विभाजन आणि बोनस, कारण प्रत्यक्षातल्या चुका सगळ्यात जास्त इथे होतात. १० रुपयांच्या शेअरचं २ रुपयांच्या पाच शेअरांत विभाजन झालं तर दर्शनी किंमत बदलते. पूर्वीचा १५० टक्के लाभांश म्हणजे शेअरमागे १५ रु. विभाजनानंतर तोच १५० टक्के म्हणजे ३ रु., पण शेअर पाचपट झालेले असतात, म्हणून एकूण रक्कम तीच राहते. बोनसमध्ये, म्हणजे कंपनी जादा शेअर फुकट देते तेव्हा, दर्शनी किंमत बदलत नाही, फक्त संख्या वाढते. एकास एक बोनसनंतर कंपनीने तोच टक्का कायम ठेवला तर तुमचं एकूण उत्पन्न दुप्पट होतं, आणि कंपनीची वाटपाची रक्कमही दुप्पट होते. त्यामुळे बोनसनंतर टक्का उतरलेला दिसला तर घाबरू नका, आधी एकूण रुपये मोजा.

विभाजनाची चूक कशी महागात पडते ते बघा. भाव ६०० आणि लाभांश १५, परतावा अडीच टक्के. विभाजनानंतर भाव १२० च्या आसपास आला. एखाद्या तक्त्यात मागच्या वर्षीचे १५ रुपये तसेच राहिले आणि भाव मात्र नवा घेतला, तर १५ ÷ १२० म्हणजे साडेबारा टक्के दिसतात. खरा आकडा ३ ÷ १२०, तोच अडीच. कुठल्याही शेअरवर अनपेक्षितपणे मोठा परतावा दिसला की मी सांगेन, आधी तीन गोष्टी तपासा: मधल्या काळात विभाजन किंवा बोनस झाला का, त्या वर्षीच्या लाभांशात एकदाच दिलेला विशेष लाभांश होता का, आणि भाव मोठ्या प्रमाणात पडला आहे का. शेवटच्या बाबतीत परतावा वाढलेला दिसतो तो भाजक लहान झाला म्हणून. बाजाराला पुढचा लाभांश घटण्याची शंका असते आणि पुष्कळदा तो घटतोही.

अंशतः भरणा झालेले शेअर ही आणखी एक खाच. हक्कभागात (आधीच्या भागधारकांना देऊ केलेल्या नव्या शेअरांत) कधी कधी दर्शनी किंमत १० असते पण सुरुवातीला २.५० च मागितलेले असतात. कंपनीच्या स्वतःच्या नियमावलीत तशी तरतूद असेल तर ती भरलेल्या रकमेच्या प्रमाणात लाभांश देऊ शकते. ४० टक्के लाभांशावर पूर्ण भरलेल्या शेअरला ४ रु., यांना १ रु.

आणि एक गोष्ट, खूप जण विचारतात म्हणून. नोंद तारखेला तुमचं नाव धारकांच्या यादीत असलं पाहिजे. जानेवारी २०२३ अखेरपासून सगळ्या शेअरांचे व्यवहार खरेदीच्या लगेच पुढच्या कामकाजी दिवशी पुरे होतात, म्हणून नोंद तारखेच्या किमान एक कामकाजी दिवस आधी शेअर घेतलेला हवा. नोंद तारखेलाच घेतला तर तो लाभांश विकणाऱ्याचा. आदल्या दिवशी घेऊन लाभांश फुकट पदरात पाडता येईल असंही समजू नका. शेअर २०० ला असेल आणि लाभांश ७ रु. असेल तर दुसऱ्या दिवशी बाजार साधारण १९३ पासून सुरू होतो. तुमच्याकडे १९३ चा शेअर आणि ७ रुपये, आणि त्या सातावर कर.

कोरी_पाटी

पहिले तीन प्रश्न स्पष्ट झाले. ‘पैसे कंपनीकडे जातच नाहीत’ हे कुठेच असं मांडलेलं नव्हतं, तिथेच अडत होतं.

दोन शंका उरल्या. शेअर फार पूर्वी ८० ला घेतला, आज भाव ४००, लाभांश ४ रु. परतावा ५ टक्के धरायचा की १? आणि दलाली दिली असेल तर ती गणितात कुठे बसते? चौथा प्रश्न अजून तसाच आहे.

कर_आणि_कागद

चौथ्या प्रश्नात दर्शनी किमतीचा काही दोष नाही. १४,००० आणि १२,६०० यांतला १,४०० चा फरक म्हणजे बरोबर १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर.

१ एप्रिल २०२० पासून लाभांश घेणाऱ्याच्या हातात करपात्र झाला. त्याआधी कंपनी स्वतः वाटप कर भरायची आणि बहुतेक भागधारकांना पुढे काही भरावं लागत नसे. आता निवासी व्यक्तीला एका कंपनीकडून आर्थिक वर्षात मिळणारा लाभांश मर्यादेपलीकडे गेला की कंपनी १० टक्के कापून घेते. ही मर्यादा ५,००० होती, १ एप्रिल २०२५ पासून १०,००० झाली. ती एका वेळच्या रकमेची नाही, वर्षाची आहे, आणि प्रत्येक कंपनीसाठी वेगळी मोजली जाते. मर्यादा ओलांडली की कपात वरच्या ४,००० वर नाही, पूर्ण १४,००० वर होते. डीमॅट खात्याला वैध पॅन जोडलेला नसेल तर कपात २० टक्के.

इथे लोक दोन चुका करतात. आयकर विवरणपत्रात १२,६०० लिहितात. तसं नाही, उत्पन्न १४,००० च आणि कापलेले १,४०० भरलेला कर म्हणून दाखवायचे. फक्त जमा रक्कम माहीत असेल आणि कपात १० टक्के असेल तर ०.९ ने भागा, १२,६०० ÷ ०.९ = १४,०००. दुसरी चूक, टीडीएस कापला म्हणजे कर संपला असं समजणं. लाभांश तुमच्या इतर उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्याच्या दराने कर लागतो. कमी टप्प्यात असाल तर जादा कापलेला कर परत मागता येतो, वरच्या टप्प्यात असाल तर फरक भरावा लागतो. १०,००० च्या आतल्या लाभांशावर कपात होत नाही, पण तोही करपात्रच आहे, आणि तो एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात, दिसतो. विवरणपत्र भरण्याआधी बँकेतल्या नोंदी त्याच्याशी ताडून पाहा.

परतावा काढताना हा कर धरलाच पाहिजे असं माझं मत आहे. वरच्या उदाहरणातले साडेसात टक्के घ्या. ३० टक्के टप्पा आणि त्यावर ४ टक्के उपकर म्हणजे ३१.२ टक्के कर, हातात राहतात ५.१६ टक्के. ज्याला काहीच कर नाही त्याला पूर्ण साडेसात. एकाच शेअरचा परतावा दोघांसाठी सारखा नसतो.

रक्कम मुळात आलीच नसेल तर? जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत लाभांश देणं कंपनीवर कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक वेळा बँक खातं बदललेलं असतं आणि डीमॅटमध्ये जुनाच क्रमांक असतो. न घेतलेला लाभांश कंपनी वेगळ्या खात्यात ठेवते आणि सात वर्षांनी तो गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो. सलग सात वर्षांचा लाभांश घेतला गेला नाही तर शेअरही तिकडे जातात. तिथूनही ते मागता येतात, पण कागदपत्रांचा खटाटोप मोठा आहे. बँकेचा तपशील वेळीच नवा करून ठेवा.

आकडेमोड

दलाली. खरेदीत ती भावात मिळवायची, विक्रीत भावातून वजा करायची. त्यावरचा १८ टक्के जीएसटी दलालीच्या रकमेवर लागतो, शेअरच्या किमतीवर नाही. परीक्षेत हे हमखास चुकतं. लाभांशाच्या रुपयांवर दलालीचा काही परिणाम होत नाही. ती फक्त गुंतवणुकीचा आकडा बदलते आणि त्यातून शेअरांची संख्या.

एक पूर्ण उदाहरण सोडवतो. १०० रुपयांचे, ९ टक्के लाभांशाचे २०० शेअर १३५ ला विकून, त्या पैशांत १० रुपयांचे, १२ टक्के लाभांशाचे शेअर १८ ला घेतले. उत्पन्नात फरक किती?

दलालीशिवाय: विक्रीचे २७,००० रु. नवे शेअर १,५००. आधीचं उत्पन्न २०० × ९ = १,८००, नंतरचं १,५०० × १.२० = १,८००. फरक शून्य. हे गणित न करताही दिसलं असतं, कारण ९ ÷ १३५ आणि १.२० ÷ १८ दोन्ही ६.६७ टक्के येतात. नऊचे बारा टक्के झाले म्हणून उत्पन्न वाढेल असं वाटत होतं, ते वाढलं नाही.

आता दोन्ही बाजूंना ०.५ टक्के दलाली धरू. विक्रीवर दलाली १३५ रु., तिच्यावर जीएसटी २४.३०, हातात २६,८४०.७०. खरेदीत १८ वर दलाली ०.०९ आणि जीएसटी ०.०१६२, म्हणून एक शेअर १८.१०६२ ला पडतो. शेअर येतात १,४८२ आणि सात रुपये काही पैसे उरतात. उत्पन्न १,७७८.४०. या अदलाबदलीत वर्षाला २१ रुपये ६० पैसे कमी झाले. प्रत्यक्षात व्यवहार कर आणि मुद्रांक शुल्कही असतं, तेव्हा फरक आणखी थोडा वाढतो. लांबलचक दशांश येतात तिथे मधल्या पायरीत पूर्णांकन करू नका. १८.१०६२ चं १८.११ केलंत तरी शेअर १,४८२ च येतात, पण ५०,००० शेअरांच्या व्यवहारात तोच फरक १९० रुपयांचा होतो.

दोन कंपन्यांत पैसे वाटायचं उदाहरणही विचारतात. ९६,००० रु. दोघींत असे गुंतवा की उत्पन्न सारखं यावं. एक शेअर १०० चा, भाव १२०, लाभांश ९ टक्के. दुसरा १० चा, भाव १६, लाभांश २० टक्के. परतावे ७.५ आणि १२.५. उत्पन्न सारखं हवं म्हणून पैसे परताव्याच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे पाचास तीन. पहिल्यात ६०,०००, दुसऱ्यात ३६,०००. ताळा: ५०० शेअर × ९ = ४,५०० आणि २,२५० शेअर × २ = ४,५००. इथे ९ आणि २० चं प्रमाण घेणारा चुकतो.

बाजारनोंद

८० ला घेतलेल्या शेअरचं. ५ टक्के आणि १ टक्का दोन्ही बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. गुंतवलेल्या पैशांनी किती उत्पन्न दिलं, तर ५. आज त्या शेअरमध्ये जेवढे पैसे अडकलेत ते किती कमावतात, तर १. शेअर ठेवायचा की विकून दुसरीकडे पैसे लावायचे हे ठरवताना १ टक्काच बघावा, कारण विकलात तर हातात ८० येणार नाहीत, ४०० येतील, अर्थात भांडवली नफ्यावरचा कर वजा जाता. जुन्या खरेदीचे ५ टक्के बघून समाधान मानणं ही मला गंभीर चूक वाटते. मात्र लाभांश दरवर्षी वाढत आला असेल तर केवळ आजच्या १ टक्क्यावरूनही निर्णय घेऊ नये, पुढच्या वाढीचाही विचार करावा.

अग्रहक्क शेअरांचं (ज्यांना साध्या शेअरांच्या आधी लाभांश मिळतो) कुणी विचारलं नाही, पण ‘९ टक्के अग्रहक्क शेअर’ असं उदाहरण आलं तर तो दर नावातच ठरलेला असतो आणि तोही दर्शनी किमतीवरच. साध्या शेअरचा लाभांश मात्र कंपनी दरवर्षी नव्याने ठरवते आणि नफा असूनही एखाद्या वर्षी देणार नाही असं होऊ शकतं. त्यामुळे एका वर्षाचे ७ रुपये पुढची दहा वर्षं धरून उत्पन्नाचा तक्ता बनवू नका. किमान पाच वर्षांचे आकडे आजच्या दर्शनी किमतीला समायोजित करून घ्या, विशेष लाभांश बाजूला काढा, अंतरिम आणि अंतिम त्याच आर्थिक वर्षात मोजा. अंतिम लाभांश वर्ष संपल्यावर, सर्वसाधारण सभेनंतर मिळतो. बँकेच्या नोंदीवरून हिशोब केला तर मागच्या वर्षीचा अंतिम आणि या वर्षीचा अंतरिम एकाच खात्यात मिसळतात. करासाठी तो ज्या वर्षी येतो त्या वर्षात धरावा लागतो, कंपनीचा लाभांश जोखायला मात्र ज्या वर्षासाठी दिला त्या वर्षात.

कोरी_पाटी

ताळ्यासाठी स्वतः एक उदाहरण घेतलं: ५ रु. दर्शनी किंमत, १४० टक्के लाभांश, भाव ३५०, गुंतवणूक ७०,०००. शेअर २००, शेअरमागे ७ रु., उत्पन्न १,४००, परतावा २ टक्के. १०,००० च्या आत असल्याने टीडीएस नाही, पण विवरणपत्रात १,४०० दाखवायचे. बरोबर?

आकडेमोड

बरोबर. समीकरणाने तपासा: ५ × १४० = ७००, ३५० × २ = ७००. फक्त टीडीएसबद्दल एक: त्याच कंपनीचा त्याच वर्षात आणखी लाभांश आला तर मर्यादेसाठी तो या १,४०० मध्ये मिळवून बघा.